हँडल फिरवणारा हात

कवठे महांकाळच्या माळावर काठीला मोबाइल बांधून गाण्याचं चित्रीकरण करणारी मुलं आता नवलाची राहिलेली नाहीत. 'भारी कॅमेरा असता तर!' असं त्यांच्यापैकी कुणी हळहळलं, की मला दादासाहेब फाळक्यांची कुंडी आठवते.

१९१२ साली फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा मिळवला, पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता रोपाची चित्रं थोडी थोडी टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. त्या 'अंकुराच्या वाढी'नं पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडल हळू फिरवलं, तर पडद्यावर माणसं पळू लागत. मध्येच थांबवलं, नट बाजूला झाला, पुन्हा फिरवलं, की माणूस अंतर्धान! तीच फिल्म मागं गुंडाळून पुन्हा वापरली, की एकावर एक दोन चित्रं.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी घडवला. १९२० मध्ये त्यांची 'सैरंध्री' पडद्यावर आली. पडदे रंगवणारा हा माणूस. पैशाची उणीव त्यांनी नजरेनं आणि हातच्या कारागिरीनं भरून काढली.

हीच युक्ती आज मोबाइलमध्ये आहे. गाणं दुप्पट वेगानं वाजवा, गाणाऱ्यानं त्याच वेगात ओठ हलवावेत. सेकंदाला ६० चौकटी टिपा आणि ३०च्या वेगानं दाखवा. ओठ मूळ गाण्याशी जुळतील. उडालेली धूळ मात्र सावकाश खाली बसेल. कॅमेरा सरकवायला हातगाडी आणि उजेड परतवायला पांढरी चादर पुरते.

जाता जाता एक सांगतो. बाबूरावांच्या १९२५च्या 'सावकारी पाश'मधला शेतकरी कर्जापायी जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. दुष्काळाची ओळख असलेल्या आपल्या तालुक्याला ही गोष्ट परकी नाही. फाळक्यांनी पॉलिसी गहाण टाकली, हे खरं. पण भांडवल उभं राहिलं ते कुंडीतल्या वाटाण्यानं. म्हणून कॅमेऱ्यासाठी कर्ज काढण्याआधी हाती आहे त्यात एक वाटाणा पेरून पाहा.