सगे, सोयरे आणि १/८

मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण आणि मावसबहीण ही चार नाती मराठी माणूस एका मापाने कधीच मोजत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. चुलत वा मावसबहिणीशी मात्र ते निषिद्ध. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात अशाच भेदांवरून उत्तरेची व दक्षिणेची आप्तव्यवस्था वेगळी काढली आणि महाराष्ट्र हा दोहोंमधला सांधा मानला. यवतमाळ जिल्ह्यात हा सांधा उघड्या डोळ्यांनी दिसतो. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत द्राविडी कुळातली कोलामी बोलणाऱ्या कोलामांचे पोड आणि मराठी बोलणाऱ्या कुणब्यांची गावे शेजारी शेजारी आहेत.

अनुवंशशास्त्राला मात्र या चारी बहिणी सारख्याच. स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या गुणकानुसार प्रत्येकीशी नाते १/८. पुढे १९४८ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह मालेको यांनी तोच प्रश्न संभाव्यतेच्या भाषेत विचारला: दोन माणसांकडे असलेली जनुकाची प्रत एकाच पूर्वजाकडून आली असण्याची शक्यता किती? आजचा सारा नातेशोध या प्रश्नावर उभा आहे. आई व मूल यांचा वाटा निम्मा, सख्ख्या भावंडांचाही निम्माच. पण आई आणि मूल यांच्यात प्रत्येक ठिकाणी नेमकी एक प्रत समाईक असते. भावंडांत सरासरीने पाव ठिकाणी दोन्ही प्रती समाईक, अर्ध्या ठिकाणी एक आणि उरलेल्या पाव ठिकाणी एकही नाही. हजारो ठिकाणे तपासली की दोन्ही नाती वेगळी ओळखू येतात.

खरी अडचण सगे कोण ही नाही, परके कोण ही आहे. दोघांत एखादे जनुकरूप सारखे आढळले, तर ते नात्यामुळे की त्या समाजात ते सर्रास आढळते म्हणून? कोलाम आणि कुणबी एकाच यादीत घालून सरासरी प्रमाण काढले, तर एकमेकांना कधीही न पाहिलेले दोन कोलामसुद्धा गणितात दूरचे भाऊ ठरू शकतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'किंग' या पद्धतीने सरासरीची ही गरजच काढून टाकली. ती त्या दोन माणसांचीच जनुकरूपे परस्परांशी ताडून पाहते. तरीही शतकानुशतके जातीतल्या जातीत झालेल्या विवाहांचा परिणाम उरतोच. सख्खे भाऊ नीट ओळखू येतात, पण चारपाच पिढ्यांपलीकडची नाती धूसर होतात. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही गडद आढळली.

जात हे विस्तारलेले आप्तमंडळच आहे, असे इरावतीबाई या यंत्रांच्या कितीतरी आधी म्हणत होत्या. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना केली. दर्जा एक असूनही त्या सारख्या निघाल्या नाहीत. मोजमापाचा गैरवापर कसा होतो हे बाईंनी जवळून पाहिले होते. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो गुरूच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला छेद देणारा होता. (मराठी विभागांत त्यांचे 'युगान्त' शिकवले जाते, हे काम नाही. असो.)

यवतमाळात हा विषय पुस्तकी नाही. जमातीच्या दाखल्याची वैधता ठरवताना पडताळणी समित्या जुन्या कागदांबरोबर 'आप्तभाव चाचणी' घेत आल्या: दैवते कोणती, लग्नविधी कोणता, चालीरीती कोणत्या. ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी दिला. मग सरळ जनुकतपासणीच का नको? कारण एखादा माणूस कोलाम आहे की नाही, हे कुठल्याही अपूर्णांकातून निघत नाही. तिचा उपयोग फार तर एवढाच: वैधता मिळालेला गृहस्थ आपला सख्खा काका आहे असे कोणी सांगतो, पण त्याच्याजवळ तसा कागद नसतो, तेव्हा. आणि तिथेही काका, आजोबा व सावत्र भाऊ या तिघांचा वाटा सारखाच भरतो, १/४.