पाच डॉलरचा दंड

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फॅलन येथे नौदलाचा हवाई तळ आहे. निवडक लढाऊ वैमानिकांना हवाई युद्धाचे डावपेच शिकवणारी एक शाळा तिथे चालते. या शाळेत एक गमतीचा, पण कसोशीने पाळला जाणारा नियम आहे : शिक्षकांपैकी कुणी एका विशिष्ट सिनेमातला संवाद म्हटला, की त्याने पाच डॉलर दंड भरायचा. सिनेमाचे नाव ‘टॉप गन’ आणि शाळेचे नाव ‘टॉपगन’. ज्या सिनेमाने शाळेचे नाव जगभर नेले, त्याचेच शब्द शाळेत उच्चारायचे नाहीत, हे काय गौडबंगाल आहे?

प्रस्तुत लेखक वैमानिक नाही. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो तालुक्याच्या गावी, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, वीसेक पोरांच्या दाटीत. प्रत्यक्ष विमानात बसलो तो चाळिशी उलटल्यावर. पण त्या कॅसेटने लावलेले वेड सुटले नाही. या वैमानिकांच्या आठवणी आणि मुलाखती मिळतील तिथून वाचत आलो. त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ही मंडळी सिनेमातल्या चुका काढताना थकत नाहीत, आणि तो पुन्हा पाहतानाही थकत नाहीत. या दुहेरी मताचे मूळ शोधायचे तर व्हिएतनाम युद्धापर्यंत मागे जावे लागते.

1965 ते 1968 या काळात अमेरिकी नौदल हवाई झुंजीत आपल्या एका विमानामागे शत्रूची सरासरी अडीचच्या आसपास विमाने पाडत होते. नौदलाला हे प्रमाण लाजिरवाणे वाटले. कारणे शोधण्याचे काम कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्याकडे आले. त्यांच्या पाहणीत दिसले, की डागलेल्या दहा क्षेपणास्त्रांपैकी जेमतेम एक कामी येत होते. नौदलाच्या फँटम विमानांवर तर तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांच्या युगात जवळून झुंजण्याची वेळच येणार नाही, असा भरवसा होता. त्यामुळे झुंजीचे शिक्षण मागे पडले होते, आणि त्याची किंमत तरुण वैमानिक जीव देऊन किंवा कैद भोगून मोजत होते. ऑल्ट यांच्या शिफारशीतून 3 मार्च 1969 रोजी कॅलिफोर्नियातील मिरामार तळावर ही शाळा निघाली. डॅन पेडरसन आणि त्यांचे आठ सहकारी हे पहिले शिक्षक, आणि कुणाला नको असलेला एक जुना ट्रेलर ही पहिली इमारत. 1972 साली हवाई युद्ध पुन्हा पेटले, तेव्हा नौदलाचे प्रमाण एकास बाराच्या आसपास गेले.

शाळेने शिकवले काय? थोडक्यात सांगायचे तर, चूक कबूल करायला. उड्डाण तासाभराचे, पण नंतर फळ्यासमोर चालणारी चर्चा, जिला वैमानिक ‘डीब्रीफ’ म्हणतात, ती कित्येक तासांची. कोण जिंकले यापेक्षा कोणत्या क्षणी कोणता निर्णय चुकला, याला तिथे महत्त्व. शिक्षकालाही आपले व्याख्यान आधी सहकाऱ्यांच्या निर्दय परीक्षेतून पार करावे लागते. तिला ‘मर्डर बोर्ड’ असेच नाव आहे. इथून शिकून गेलेला वैमानिक आपल्या तुकडीत परततो आणि इतरांना शिकवतो.

मे 1983 मध्ये ‘कॅलिफोर्निया’ नावाच्या मासिकात एहूद योनाय यांचा या शाळेवरचा लेख आला. त्यावरून डॉन सिम्प्सन आणि जेरी ब्रुकहायमर यांनी निर्मिलेला, टोनी स्कॉट दिग्दर्शित सिनेमा मे 1986 मध्ये पडद्यावर आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई करून गेला. नौदलाने विमाने आणि ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका वापरू दिली. सल्लागार होते पीट पेटिग्र्यू, व्हिएतनाममध्ये स्वतः एक मिग पाडलेले वैमानिक.

तरीही वैमानिकांच्या आक्षेपांची यादी लांबलचक आहे. ‘मिग-28’ नावाचे विमान अस्तित्वातच नाही. पडद्यावर दिसतात ती काळा रंग दिलेली अमेरिकी एफ-5 विमाने. खऱ्या झुंजीत दोन विमाने कित्येक किलोमीटरच्या घेरात फिरतात आणि शत्रू बहुतेक वेळ ठिपक्याएवढाच दिसतो. सरावात तर एकमेकांपासून पाचशे फूट अंतर राखण्याचा दंडक आहे. पण दोन्ही विमाने एका चौकटीत मावायला हवीत, म्हणून चित्रीकरणासाठी त्यांना जवळ आणावे लागले. नायक एकदम वेग मारतो आणि मागचा शत्रू पुढे निघून जातो, हा सिनेमातला हुकमी डाव. वैमानिक म्हणतात, वेग ही आमची शिल्लक. ती अशी उधळली तर दुसरा शत्रू सहज टिपेल.

या चुका ते हसून सोडून देतात. सोडत नाहीत ती एकच : सिनेमातली ट्रॉफी. पहिल्या येणाऱ्याला चषक, त्यासाठी चुरस, एकमेकांना टोमणे. अशी ट्रॉफी या शाळेत कधीच नव्हती. बक्षीस ठेवले तर माणूस चूक लपवू लागेल, आणि चूक लपली तर शाळा कशासाठी? नियम मोडणारा एकांडा शिलेदार सिनेमाचा नायक झाला, तर शाळा नेमकी त्या वृत्तीलाच आवर घालायला शिकवते.

मग त्यांना आवडते काय? बहुतेक जण सिनेमाच्या सुरुवातीकडे बोट दाखवतात. पहाटेचा तांबूस उजेड, वाफ, रंगीत जर्सी घातलेले कामकरी आणि त्यांच्या हातांच्या खुणा. नौकेवरचे ते काम खरेच चालू असताना टिपलेले आहे. कथा खोटी असली तरी तो आवाज आणि ती घाई आमचीच, असे ते सांगतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी शाळकरी वयात हाच सिनेमा पाहून नौदलाची वाट धरली होती.

सिनेमातला सर्वांत नाट्यमय वाटणारा अपघातही निव्वळ कल्पनेतला नाही. टॉमकॅट विमानाची दोन इंजिने एकमेकांपासून दूर. एक अचानक बंद पडले, की विमान एका बाजूला ओढले जाऊन भोवऱ्यासारखे सपाट गरगरू शकते, आणि त्या काळातले टीएफ-30 इंजिन अडखळण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. 25 ऑक्टोबर 1994 रोजी नौकेवर उतरताना असेच एक इंजिन बंद पडले आणि टॉमकॅटच्या पहिल्या महिला वैमानिकांपैकी एक, कारा हल्टग्रीन, प्राणाला मुकल्या. खुद्द चित्रीकरणातही बळी गेला. 16 सप्टेंबर 1985 रोजी गरगरण्याचे दृश्य टिपताना कसरतपटू वैमानिक आर्ट शोल यांचे छोटे विमान सावरलेच नाही आणि प्रशांत महासागरात कोसळले. ना विमान मिळाले, ना देह. सिनेमा त्यांना अर्पण केलेला आहे.

2022 साली ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आला. या वेळी नट खरोखर सुपर हॉर्नेट विमानांच्या मागच्या आसनावर बसले होते. विमान चालवत होते पुढे बसलेले नौदलाचे वैमानिक. गुरुत्वाच्या ओढीने ताणलेले ते चेहरे अभिनयाचे नाहीत, हे वैमानिकांनी कौतुकाने मान्य केले. मात्र शत्रूचे रडार निकामी करणारी विमाने सोबत न घेता अशा मोहिमेवर कुणी जात नाही, हेही लगेच सांगितले. कौतुक आणि दुरुस्ती एकाच दमात. डीब्रीफची सवयच ती.

मला वाटते, पाच डॉलरच्या दंडाचा अर्थ इथे लागतो. त्या शिक्षकांचा सिनेमावर राग नाही. घरी ते तो मुलाबाळांसोबत पाहतही असतील. पण वर्गात आलेल्या तरुणाच्या डोक्यातून तो नायक आधी उतरवावा लागतो. त्या संवादांवर हसत बसायला त्यांना परवडत नाही. शाळा कशामुळे काढावी लागली, हे त्यांना रोज आठवावे लागते.