आम्ल-आम्लारी अनुमापनातील विद्युत वाहकता

अनुमापन चालू असताना द्रावणाची विद्युत वाहकता टप्प्याटप्प्याने मोजून समतुल्यता बिंदू ठरवण्याची पद्धत. दर्शकाचा रंग डोळ्याने टिपावा लागतो. येथे तो बिंदू आलेखावरील दोन रेषांच्या छेदातून मिळतो. कोलराउश यांच्या नियमानुसार विरल द्रावणात प्रत्येक आयनाचा वाहकतेतील वाटा स्वतंत्र असतो. २५° से. तापमानाला एका मोलमागे हा वाटा (सीमेन्स·सेंमी²) हायड्रोजन आयनाचा सुमारे ३५०, हायड्रॉक्साइडचा १९८, क्लोराइडचा ७६, सोडियमचा ५० व बायकार्बोनेटचा ४४ असतो. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यास चपळ हायड्रोजन आयनांची जागा मंद सोडियम आयन घेतात आणि वाहकता वेगाने उतरते. उदासिनीकरणानंतर उरणाऱ्या हायड्रॉक्साइडमुळे ती पुन्हा चढते. ॲसेटिक आम्ल सौम्य असल्याने तेथे सुरुवातीच्या किरकोळ घटीनंतर संथ चढ आणि समतुल्यतेनंतर तीव्र चढ दिसतो. म्हणजेच निर्णायक ठरतो तो वाहकतेतील बदल. तिचे एकटे मूल्य पुरेसे नसते.

वऱ्हाडात या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. दर्यापूरपासून अकोल्याकडे पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. तेथील विहिरीच्या पाण्याची वाहकता एकूण क्षारांचा अंदाज देते, पण त्यात बायकार्बोनेट किती हे सांगत नाही. हे प्रमाण कळणे गरजेचे आहे, कारण जादा बायकार्बोनेटमुळे जमिनीतील कॅल्शियम अवक्षेपित होते, सोडियमचा प्रभाव वाढतो आणि काळी जमीन घट्ट होते. अशा पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की बायकार्बोनेटच्या जागी क्लोराइड येते आणि वाहकता मंद चढते. बायकार्बोनेट संपताच मुक्त हायड्रोजन आयनांमुळे चढ सुमारे तेरापट तीव्र होतो.

मुळातच खाऱ्या पाण्यात हा बदल झाकला जाईल, असा आक्षेप घेता येतो. मिठाचे आयन अभिक्रियेत भाग घेत नाहीत. ते सगळा आलेख वर उचलतात, दोन रेषांच्या उतारांतील फरक मात्र जवळपास तसाच राहतो. तरीही आक्षेपात तथ्य आहे: एक अंश तापमानवाढीने वाहकता सुमारे २ टक्के वाढते आणि खाऱ्या पाण्यात एवढी वाढ मंद चढाला सहज गिळते. छेदबिंदूजवळ आलेख वळतो, हा दुसरा आक्षेप. म्हणून रेषा दूरच्या बिंदूंवरून काढतात. तापमान स्थिर राखून आणि नमुन्याच्या किमान दहापट संहत आम्ल वापरून विरलनाचा परिणाम आवरल्यास गढूळ वा रंगीत पाण्यासाठी ही पद्धत दर्शकापेक्षा अधिक भरवशाची ठरते.