मिठामागून येणारं पाणी

ठाकूरद्वारच्या नाक्यावर मिसळीची बशी समोर आली आणि तिच्यावर लिंबू पिळलं, की तोंडाला पाणी सुटतं. हे पाणी रक्तातून नुसतं गाळून येत नाही. लाळग्रंथींच्या पेशी मिठाचे आयन हलवून ते घडवतात. हे उलगडायला जवळजवळ साडेतीनशे वर्षं लागली.

१६६० मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश विद्यार्थ्याला ॲम्स्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरताना गालातली लाळनलिका सापडली. लाळ येते कुठून, ते दिसलं. होते कशी, ते नाही. १८५० च्या सुमारास कार्ल लुडविग यांनी ग्रंथीची चेता उत्तेजित करून नलिकेतला दाब मोजला. तो धमनीतल्या दाबापेक्षा जास्त भरला. म्हणजे रेटा हृदयाचा नव्हता, ग्रंथीचा स्वतःचा होता.

तो कशाचा? १९५० च्या दशकात अँडर्स लुंडबर्ग यांनी मांजराच्या लाळपेशींतले विद्युतबदल मोजले आणि क्लोराइडकडे बोट दाखवलं. १९५७ मध्ये येन्स स्को यांनी खेकड्याच्या चेतांमध्ये सोडियम-पोटॅशियम पंपाचा माग काढला. पुढे सगळी साखळी जुळली. पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. आत सोडियम कमी पडतं, म्हणून ते बाहेरून शिरतं आणि येताना एक पोटॅशियम व दोन क्लोराइड घेऊन येतं. असा क्लोराइडचा साठा होतो. चेतेचा निरोप आला, की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि नलिकेकडची क्लोराइडची दारं उघडतात. बाहेर पडलेल्या क्लोराइडच्या ऋण भारामागे पेशींमधल्या फटींतून सोडियम येतं आणि त्या मिठामागून पाणी. ही दारं टीएमईएम-१६ए या प्रथिनाची, हे २००८ मध्ये ठरलं.

ही पहिली लाळ रक्तद्रवाइतकीच खारट असते. नलिका वाटेत मीठ परत घेतात, पाणी घेत नाहीत. म्हणून तोंडात ती अळणी लागते.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये या पेशींची किंमत कळते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावरच्या किरणोपचारांनी लाळग्रंथी होरपळतात. कोरडा घास उतरत नाही, दात किडतात. टाटा मेमोरियल सेंटरने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त केल्यावर लाळग्रंथींची हानी लक्षणीय घटली. पिलोकार्पिनसारखं औषध चेतेचाच निरोप पेशीला देतं. पण तो घ्यायला पेशी जिवंत हवी. म्हणून किरण देतानाच ती वाचवणं हा खरा उपचार.