अर्ध्या चेहऱ्याची लाली

कुंभकोणमनजीक गोविंदपुरम् येथे नामसिद्धांताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांची समाधी आहे. कालांतराने तिचे स्थान नदीच्या वाळूत लोपले. मरुदानल्लूरच्या सद्गुरु स्वामींनी वाळूला कान लावून, जेथून रामनाम ऐकू आले ती जागा निश्चित केली आणि तंजावरच्या सरफोजी राजांच्या साहाय्याने प्रवाह वळवून ती मोकळी करण्यात आली, अशी परंपरा आहे. या कथेची छाननी येथे कर्तव्य नाही. मात्र तीत ज्या राजाचे नाव येते, त्याने आपल्या दरबारातही सूक्ष्म लक्षणांकडे लक्ष देण्याची शिस्त घालून दिली होती.

दुसरे सरफोजी 1798 साली गादीवर आले. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांनी उर्वरित आयुष्य ग्रंथसंग्रह, शास्त्र आणि वैद्यक यांस वाहिले. त्यांच्या धन्वंतरी महालाशी निगडित अशा नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि आजारी डोळ्यांची चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली. चेहऱ्याच्या लालीशी या नोंदींचा प्रत्यक्ष संबंध नाही. पण ज्या विकाराविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याच्या शोधाचा इतिहासही डोळ्यापासूनच सुरू होतो.

हा विकार विरळा. उन्हातून चालताना किंवा श्रम करताना मनुष्याचा अर्धा चेहरा लाल होतो व घामाने भिजतो. उरलेला अर्धा फिकट आणि कोरडा राहतो. दोहोंमधील सीमा कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढावी तशी सरळ असते. पाहणाऱ्यास वाटते, रोग लाल बाजूस आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. लाल बाजू उष्णतेला स्वाभाविक प्रतिसाद देत असते. फिकट बाजूच्या मज्जातंतूंकडून मात्र आज्ञा पोहोचलेली नसते.

ही आज्ञा कोणत्या वाटेने जाते, हे कळण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली. 1727 साली फ्रान्समधील पूरफूर द्यू पेती यांनी कुत्र्याच्या मानेतील मज्जातंतू कापला असता त्याच बाजूच्या डोळ्यात फरक पडल्याचे दाखविले. 1851–52 मध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेत एका बाजूस तसाच छेद घेतला, तेव्हा त्या बाजूचा कान तापला. 1869 साली झुरिचचे नेत्रवैद्य योहान फ्रीड्रिख हॉर्नर यांनी चाळीस वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिची उजवी पापणी खाली आली होती आणि बाहुली बारीक झाली होती. हॉर्नर तेवढ्यावर थांबले नाहीत. बोलता बोलता तिचा उजवा गाल लाल व उष्ण होतो, त्या बाजूस घाम येत नाही, आणि लालीची हद्द बरोबर मध्यरेषेवर थांबते, हेही त्यांनी टिपले.

पुढे 1988 साली सिडनीचे जेम्स लान्स व त्यांचे सहकारी यांनी पाच रुग्णांचा अभ्यास मांडून या विकाराला ‘हार्लेक्विन’ हे नाव दिले. इटालियन लोकनाट्यातील रंगीबेरंगी पोशाखाच्या विदूषकावरून ते घेतले आहे. मेंदूची आज्ञा पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत उतरते आणि तेथून मानेमार्गे पुन्हा वर चढते. चेहऱ्याच्या घामाचे व रक्तवाहिन्यांचे तंतू प्रामुख्याने छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी बाहेर पडतात, तर बाहुलीचे बहुतांशी पहिल्यापाशी. म्हणूनच काही रुग्णांचे डोळे निर्दोष राहतात. पुष्कळांच्या बाबतीत विकार निरुपद्रवी असतो. तथापि मानेत वा छातीत गाठ अथवा इजा तर नाही ना, याची तपासणी एकदा अवश्य व्हावयास हवी.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी येते. लक्ष वेधून घेते ती बाजू आणि बिघडलेली बाजू एकच असेल, असे नाही. हे सत्य हाती आले ते दोन्ही बाजू पाहून, त्यांची तुलना करून लिहून ठेवणाऱ्यांमुळे. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींस तंजावरकडे जाण्याचा योग आला, तर मंदिराच्या शिखराबरोबरच सरफोजींच्या त्या नोंदींचीही आठवण ठेवावी. राज्य हातून गेल्यावरही एका मराठी राजाने रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढवून घेतली. ती पाहणे हे आपले काम आहे. नाहीतर ती बाजू फिकट राहील आणि आपल्याला कळणारही नाही.