शेडमधला गॅस हीटर आणि हाल्डेनचे उंदीर

माझ्या एका पेशंटचा मुलगा कॅनडात असतो. घरामागच्या लाकडी शेडमध्ये सुतारकाम करण्याचा त्याला छंद आहे आणि थंडीत तिथे तो सिलिंडरवरचा छोटा गॅस हीटर लावतो. "डॉक्टर, दार बंद करून बसलं तर चालतं का हो?" आईने विचारलं. नाही चालत. पण हे कसं कळलं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

गॅस नीट जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांनी 1850च्या दशकात तो प्राण्यांना दिला, तेव्हा शिरांमधलं काळसर रक्तही लालभडक दिसलं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

स्कॉटिश डॉक्टर जॉन स्कॉट हाल्डेन (भुवनेश्वरला स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव) यांनी 1895 मध्ये हा वायू स्वतः हुंगला आणि अधूनमधून स्वतःचं रक्त तपासलं. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन अडलं तेव्हा त्यांना धड उभंही राहता येईना. मला यातली खरी भीती वेगळीच वाटते. पाय गळतात, तशी विचारशक्तीही मंदावते. धोका कळेपर्यंत दारापर्यंत जाण्याची ताकद उरत नाही. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन 57 कामगार गेले. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर मागे उरलेल्या या वायूने घेतला होता. म्हणून त्यांनी खाणीत उंदरासारखा छोटा प्राणी सोबत नेण्याचं सुचवलं, कारण त्याच्यावर परिणाम माणसाआधी दिसतो. पुढे उंदरांऐवजी कॅनरी पक्षी आले आणि ब्रिटनच्या खाणींत ते 1986 पर्यंत होते!

1902 मध्ये पॅरिसला कादंबरीकार एमिल झोला झोपेच्या खोलीतल्या शेकोटीच्या धुराने गेले. रात्री नवराबायको दोघांनाही बरं वाटेना, पण पोट बिघडलं असेल म्हणून त्यांनी नोकरांना उठवलं नाही. पत्नी वाचल्या. डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांना आजही आपण पित्त किंवा थकवा म्हणून सोडून देतो. त्यात साधा पल्स ऑक्सिमीटर फसतो, त्यावर आकडा छान दिसतो.

आता त्या शेडकडे येऊ. 'फक्त बाहेर वापरा' असं लिहिलेला हीटर आत आणूच नये. घरात वापरायच्या अनेक हीटरमध्ये खोलीतला ऑक्सिजन साधारण 18 टक्क्यांवर आला की हीटर बंद करणारी सोय असते. पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नर खराब असेल तर ऑक्सिजन पुरेसा असूनही तो वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे त्या वायूचा वेगळा अलार्म हवाच, आणि हवा खेळती राहील इतकी खिडकी उघडी. भुसा, थिनर, व्हार्निश हीटरपासून लांब. हीटर चालू ठेवून तिथे झोपायचं नाही. डोकं दुखू लागलं की आधी बाहेर पडायचं, हीटरचं नंतर बघू. चक्कर किंवा गुंगी असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. दवाखान्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, की हा वायू बराच लवकर सुटतो.

आईंनी हे सगळं लिहून घेतलं. मग मी त्यांना विचारलं, "तुमचा गॅस गिझर कुठे आहे?" बाथरूममध्येच होता, आणि खिडकीला काच बसवून ती कायमची बंद केली होती.