परतीची हमी

वकिली करणाऱ्या माणसाकडे गोव्यात हल्ली वर्षातून चारदोन पालक तरी एका ठरावीक कामासाठी येतात. मुलाला अथवा मुलीला अमेरिकेतील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळालेला असतो आणि व्हिसासाठी घरची ऐपत व इथले पाश दाखवावयाचे असतात. मग घराचे मूल्यांकन, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बँकेचा दाखला, प्रतिज्ञापत्र अशी जमवाजमव सुरू होते. गेल्या वर्षी पालखीच्या दिवशी देवळाच्या अग्रशाळेत असेच एक गृहस्थ भेटले. मसुदा वाचून ते हलक्या आवाजात म्हणाले, "वकीलबाब, शिक्षण संपताच मुलगा परत येईल, असे इथे लिहिले आहे. पण खरे सांगायचे तर त्याने तिथेच स्थिरस्थावर व्हावे, म्हणूनच आम्ही हे कर्ज काढले." मी त्यांस सांगितले की, मुलाचा हेतू मुलानेच सांगावयाचा असतो आणि खरा सांगावयाचा असतो, जमिनीचा उतारा मला देता येतो, मनाचा देता येत नाही. ते वाक्य मी मसुद्यातून काढून टाकले.

तथापि, त्या गृहस्थांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. कारण विद्यार्थ्याकडून परतीची हमी घ्यावयाची आणि पुढे त्याच विद्यार्थ्याला राहवून घ्यावयाचे, हा दुटप्पीपणा त्या कायद्याच्याच पोटात आहे. तो तेथे कसा शिरला, याचा इतिहास आपल्या वाचकांनी एकदा जाणून घ्यावा असा आहे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. त्या आधीच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. पण चिनी विद्यार्थी व व्यापारी त्यातून वगळले होते. मजूर नको, विद्यार्थी चालेल, हा भेद तेव्हापासूनचा. आनंदीबाईंनी परतीची हमी दिली ती अमेरिकन सरकारला नव्हे, स्वकीयांना. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी प्रयाणापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत सांगितले. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. वचनाप्रमाणे त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास निवर्तल्या. त्या काळी जाणाऱ्याला अडवीत असे तो आपला समाज. तिथला कायदा अडवू लागला तो पुढे.

१९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग निषिद्ध प्रदेश ठरवला गेला. त्यात हिंदुस्थान आला. विद्यार्थ्यांना मात्र सवलत राहिली. पुढे प्रश्न आला नागरिकत्वाचा. त्या काळच्या कायद्याप्रमाणे परदेशी जन्मलेल्या माणसाने नागरिक व्हावयाचे, तर तो 'गोरा' अथवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. भगतसिंग थिंद हे अमृतसरकडचे शीख गृहस्थ १९१३ साली अमेरिकेत गेले होते व पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यात त्यांनी नोकरी केली होती. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न ठेवण्यात आला तो असा : अमृतसर येथे जन्मलेला उच्चवर्णीय हिंदू हा गोरा माणूस होय की नव्हे? शीख माणसाला हिंदू म्हटले गेले, कारण अमेरिकन कायद्याच्या बोलीत हिंदुस्थानातून आलेला प्रत्येकजण हिंदूच असे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की, उच्चवर्णीय हिंदू आर्य आहेत. खालच्या मानलेल्या लोकांशी ते रोटीबेटी व्यवहार करीत नाहीत. सबब ते गोऱ्यांतच जमा धरावेत. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला : विद्वानांचा वंशविचार काहीही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणत नाही तो गोरा नव्हे. पाठोपाठ, ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याचे खटले सरकारने सुरू केले.

१९२४ च्या कायद्याने हे चित्र पुरे केले. जो नागरिकत्वास अपात्र तो वसावयास येऊ शकत नाही. पण पंधरा वर्षांवरील विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत शिकावयास येऊ शकतो. म्हणजे शाळेचे दार उघडे आणि घराचे दार बंद.

येथे एका वकिलाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेस जन्मलेले गृहस्थ १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले व १९१७ पासून कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. थिंद यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत ते होते. तो दावा हरल्यावर त्यांचेच नागरिकत्व रद्द करण्याचा खटला उभा राहिला. पंडितांनी वंशाचा वाद पुन्हा काढला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की, १९१४ साली न्यायालयाने मला नागरिक ठरविले, सरकारने तेव्हा अपील केले नाही, आणि त्या निकालावर विसंबून मी मायदेशचा वारसाहक्क सोडला, व्यवसाय मांडला, संसार थाटला; आता मागे फिरता येणार नाही. आपल्या धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतला 'प्राङ्न्याय' तो हाच. १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने कौल दिला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्याचे नाकारले. उरलेले खटले सरकारने सोडून दिले. जन्माच्या जोरावर जो दावा हरला, तो दिलेल्या शब्दाच्या जोरावर जिंकला गेला.

जन्माची मोजणी अमेरिकेतच होत होती, असे मात्र कोणी समजू नये. थिंद अमेरिकेत उतरले त्याच १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. ही परतीची हमी त्यांनी पाळली. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी म्हणून एका पारशी धर्मशाळेत ते उतरले. काही दिवसांतच जात उघड झाली आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. या व अशा अनुभवांची जी टिपणे त्यांनी पुढे लिहिली, त्यांचे नाव 'वेटिंग फॉर ए व्हिसा' असे आहे. परक्या देशाच्या व्हिसाविषयी त्यात काही नाही. मायदेशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याविषयी आहे. थिंद यांच्या कैफियतीतले रोटीबेटीचे वाक्य आणि बडोद्याची ती धर्मशाळा, ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

२ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला. वर्षाला वसावयास येण्याचा कोटा मात्र १०० माणसांचा. १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वातील वंशाची अट काढून टाकली, पण कोटा तेवढाच ठेवला. आजच्या विद्यार्थी-व्हिसाचा पाया याच कायद्यात आहे. परदेशात आपले घर आहे व ते सोडण्याचा इरादा नाही, हे विद्यार्थ्याने पटवून द्यावयाचे; प्रत्येक परकीय हा वसावयासच येत आहे असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकावयाचा. आणि त्याच कायद्यात आणखी एक कलम घातले गेले : तात्पुरता आलेला माणूस पात्र ठरल्यास देशाबाहेर न जाता कायमचा रहिवासी होऊ शकतो. हमी मागणारे कलम आणि हमीतून सोडविणारे कलम एकाच कायद्यात शेजारी नांदू लागले, ते असे.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. राष्ट्रवार कोटे गेले. पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ची समान मर्यादा आली. शास्त्रज्ञ व व्यावसायिक यांस प्राधान्य मिळाले. शिकावयास गेलेले डॉक्टर, इंजिनिअर राहू लागले. १९७७ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात गणपतीच्या देवळाची प्रतिष्ठापना झाली. १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. जेथे माणूस मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो, तेथून परतण्याची भाषा हळूहळू मावळते, हे देवस्थानांभोवती वाढलेल्या आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

१९९० च्या कायद्याने आजची शिडी उभी केली. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे, आणि त्या आकड्यात बायकामुलेही आली. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. तात्पुरत्या कुशल नोकरीसाठी एच-१बी व्हिसा, वर्षाला ६५,०००. या व्हिसावाल्याने कायम राहण्याची इच्छा धरली तरी ती त्याच्या आड येणार नाही, असेही ठरले. २००४ च्या कायद्याने अमेरिकन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांस २०,००० जागा वेगळ्या मिळाल्या. शिक्षणानंतर बारा महिने व्यावहारिक प्रशिक्षणाची मुभा होतीच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना त्यावर २००८ साली सतरा महिने वाढवून मिळाले, आणि २०१६ साली या सतराचे चोवीस झाले. याप्रमाणे विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, नोकर, अर्जदार, रहिवासी अशा पायऱ्या चढावयाच्या. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील बहुतेकांनी ही शिडी ऐकलेली असते.

परंतु शिडीच्या वरच्या टोकाशी पुन्हा जन्म उभा आहे. ७ टक्क्यांचा वाटा मोजताना नागरिकत्व पाहत नाहीत, पदवी पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. गोव्यातील कुटुंबांत याचा चमत्कारिक परिणाम दिसतो. वडील बहारीनला नोकरीस असताना तेथे जन्मलेला थोरला भाऊ बहारीनच्या रांगेत उभा राहतो व लवकर सुटतो. मडगावला जन्मलेला धाकटा, तीच पदवी घेऊनही, भारताच्या रांगेत. जुलै २०२५ च्या सरकारी पत्रकात उच्च पदवीधरांच्या वर्गात भारताच्या रांगेतील तारीख १ जानेवारी २०१३ होती. म्हणजे तोवर बारा वर्षांपूर्वी नाव लागलेल्यांचीच पाळी आली होती. २००० च्या कायद्याने अशा अर्जदारांस एच-१बीची मुदत वाढवून घेता येते खरी. पण भारतात जन्मलेले त्यांचे मूल एकवीस वर्षांचे झाले, की बहुधा वडिलांच्या अर्जातून गळते. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. कायदा मात्र झाला नाही.

या मर्यादेच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाच देशाच्या माणसांनी सर्व जागा व्यापू नयेत, लहान देशांनाही वाट असावी, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परक्या राष्ट्राने आपले दार किती उघडावे हा त्याचा अधिकार आहे. आक्षेप आहे तो निराळा. ज्याला आपल्या विद्यापीठात शिकविले, ज्याच्याकडून वर्षानुवर्षे काम व कर घेतले, त्याच्या हक्काची मोजणी त्याने काय केले यावरून न होता तो कोठे जन्मला यावरून व्हावी, हे न्यायाला धरून नाही. पण हा आक्षेप घेण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा आपल्या गावात, आपल्या देवळात, भाड्याच्या घरात आपण माणसाची मोजणी जन्मावरून करणे सोडू.

पालकांस माझे सांगणे थोडके आहे. कायद्याने शिडी दाखविली आहे, वचन दिलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क एका आदेशाने लादले गेले. पायरी अशी एका रात्रीत उंच होऊ शकते. तेव्हा ग्रीन कार्ड मिळेल या हिशेबावर घर गहाण टाकू नये. शिक्षण स्वतःच्या मोलाने परवडत असेल तरच पाठवावे. अग्रशाळेत भेटलेल्या त्या गृहस्थांच्या मुलाने आपले निवेदन पुढे स्वतःच लिहिले. मला काय शिकावयाचे आहे, ते तेथेच का शिकावयाचे आहे, आणि येथे माझे कोण आहे, एवढेच त्यात होते. त्याला व्हिसा मिळाला. तो परत येईल की राहील, हे त्याच्या वडिलांना आज ठाऊक नाही, आणि मला वाटते, त्यालाही नाही.